अकरा खडे

१

माझ्या कामात मोजायला फार लागतं. सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत मी बोटीवर चढलेले आणि उतरलेले कंटेनर यादीशी ताडून बघतो. दिवसाला शेकड्यांनी. अठरा वर्षांत माझ्या हातून एक कंटेनर इकडचा तिकडे झालेला नाही, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. साधना, माझी बायको, त्यावरून मला चिडवते. त्यामुळे पुढची हकीगत ऐकून कोणी म्हणालं, ‘निशिकांत, तुझी मोजण्यात चूक झाली असेल,’ तर माझं डोकं फिरतं. गेली चार वर्षं मी स्वतःला तेवढंच समजावत आलो आहे.

गोष्ट २००५च्या फेब्रुवारीतली. बुकित पंजांगला नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी, साधना आणि आठ वर्षांची आमची आर्या असे तिघे राहत होतो. साधनाचे दिवस भरत आले होते, दुसरं बाळंतपण होतं आणि त्यासाठी तिची आई पुण्याहून आली होती. पण सासूबाईंचा पास तीस दिवसांचा. तो संपत होता शनिवारी आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच्या पुढे दहा दिवसांवर. म्हणजे ऐन वेळी आई परत पुण्याला, आणि साधना एकटी. ती कल्पनाच साधनाला सहन होत नव्हती. दोनदा रडून झालं होतं.

अशा वेळी इथली सगळी मंडळी करतात तेच आम्ही करायचं ठरवलं. सकाळी बसने समुद्रावरचा कॉजवे ओलांडून पलीकडे मलेशियात, जोहोरला जायचं, जेवायचं, थोडं फिरायचं आणि दुपारी परत यायचं. परत येताना पासपोर्टवर नवा शिक्का बसला की पुढचे तीस दिवस मिळाले. शिक्का द्यायचा की नाही हे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर. पण सोबत जावई आणि शाळेच्या वयाची नात असली की बहुधा देतात, असं ऑफिसातल्या चंद्रशेखरने सांगितलं होतं. मलेशियाचे व्हिसे मी आधीच काढून ठेवले होते.

निघताना आई दारातच थबकल्या.

“अगं बाई, तिघंच की आपण. निशिकांतराव, तिघांनी मिळून निघू नये. चौथा म्हणून एक खडा तरी बरोबर घ्या.”

दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये तुळशीची कुंडी होती. आईंनी पुण्याहून येताना पांढरे गुळगुळीत खडे आणून त्या कुंडीत गोल मांडले होते. अकरा. रोज पाणी घालताना त्या मोजायच्या. विमानातून सिंगापूरला दगड घेऊन येणारी ही जगातली एकमेव बाई, असं मी तेव्हा म्हणून घेतलं होतं. त्यातला एक खडा मी उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. तो गार लागला, थोडी माती चिकटलेली होती. हे मला इतकं स्पष्ट आठवतं की आजही बोटांच्या टोकांना जाणवतं.

“झालो चौघे,” मी म्हणालो. “आता चला.”

२

एकशे सत्तर नंबरची बस थेट पलीकडे जाते. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांना त्याची गंमत सांगायला हवी. बस तुम्हाला वुडलँड्सच्या चेकपोस्टवर उतरवते आणि तुमच्यासाठी थांबत नाही. सामानसुमान घेऊन वर जायचं, रांगेत उभं राहून शिक्का घ्यायचा, खाली येऊन त्याच नंबरची जी बस येईल ती पकडायची. कॉजवे ओलांडला की पलीकडच्या चेकपोस्टवर पुन्हा तेच. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर लोक आपली माणसं मोजत असतात. कोणी रांगेत मागे राहतं, कोणी संडासात गेलेलं असतं. तमिळ, चिनी, मलय, सगळ्या भाषांमधलं एक-दोन-तीन तिथे ऐकू येतं.

बसमध्ये खिडकीच्या जागेवरून भांडण झालं. ‘क्रांजीपर्यंत एकाने बसायचं, तिथून दुसऱ्याने,’ असा मी निवाडा दिला आणि ते मिटलं. आईंना गाडी लागते म्हणून त्या पुढे ड्रायव्हरच्या मागे डोळे मिटून बसल्या होत्या.

वुडलँड्सला एका मलय बाईने उठून जागा दिली. “फॉर द स्मॉल वन,” ती म्हणाली. आर्या वयाच्या मानाने चांगली उंच आहे. मला जरा नवल वाटलं, पण थँक यू म्हणून आम्ही बसलो.

आर्याने आजीने शिवलेला नवा फ्रॉक घातला होता. निळ्या कापडावर बारीक पांढरी फुलं. आई पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होत्या. दुकानातले फ्रॉक त्यांना बघवत नाहीत. येतानाच त्यांनी साडेतीन मीटर कापड आणलं होतं आणि साधनाच्या मशीनवर बसून आठवडाभर त्यांचं घरघर चाललं होतं.

३

जोहोरला आम्ही केळीच्या पानावर जेवलो. आईंनी रसमला ‘आपल्या कटाच्या आमटीची सर नाही’ असं प्रमाणपत्र दिलं. मग एका शॉपिंग सेंटरमध्ये एसी खात फिरलो. आर्याला चपला घेतल्या. ऊन मी म्हणत होतं. टॅक्सी स्टँड रस्त्याच्या पलीकडे होता आणि तिथली वाहनं माणसं बघून वेग वाढवतात. रस्ता ओलांडताना माझे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून छत्री आणि पिशवी आईंनी घेतली आणि त्या पुढे झाल्या. आम्ही त्यांच्या मागून पळत गेलो.

परतीला टॅक्सी घ्यायची असं आधीच ठरलं होतं. ह्या टॅक्स्या सिंगापूरच्या क्वीन स्ट्रीटपर्यंत येतात, चार माणसं झाली की सुटतात. सोय अशी की चेकपोस्टवर उतरावं लागत नाही. सगळ्यांचे पासपोर्ट ड्रायव्हर गोळा करतो, खिडकीतून एकगठ्ठा देतो, आतला माणूस वाकून गाडीतले चेहरे बघतो, शिक्के मारतो. आईंच्या गुडघ्यांना ते बरं पडणार होतं.

आमच्या वाट्याला आलेला ड्रायव्हर म्हातारा होता, दात पुढे आलेला, बनियनवर उघडा शर्ट. चौथा उतारू मिळेपर्यंत थांबावं लागणार म्हणून मी कठड्यावर टेकलो. त्याने आमच्याकडे बघत बोटांवर मोजलं आणि गाडीचं दार उघडलं.

“फोर पर्सन. फुल. कॅन गो.”

मला हसू आलं. मी खिसा थोपटला.

“आई, म्हाताऱ्याने तुमचा खडा मोजला बरं का.”

“मोजणारच,” आई समाधानाने म्हणाल्या.

४

मी पुढे बसलो, बाकी मागे. ड्रायव्हरने पासपोर्ट घेतले, रबर लावून समोर काचेपाशी ठेवले. मलेशियाच्या बाजूला आमचा नंबर लवकर लागला. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट चाळले, वाकून आत बघितलं आणि पुटपुटला, “अम्पत.” बंदरावर काम करून मला त्यांचे आकडे येतात. अम्पत म्हणजे चार. मला वाटलं, टॅक्सीत चारच असतात, सवयीने म्हणाला असेल. शिक्के बसले.

कॉजवेवर गाड्या अडकलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना पाणी, कडेने जाणारे पाण्याचे जाडजूड पाइप आणि त्यांच्या बाजूने चालत निघालेली माणसं. पुढच्या लॉरीचा धूर थेट आत येत होता. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही दोनशे फूटसुद्धा सरकलो नसू. आईंना मळमळायला लागलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, तो कुरकुरला, पण थांबलेल्या गाडीला काय थांबवायचं? आम्ही सगळे खाली उतरलो. आई कठड्याला धरून वाकल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो. आर्या पाण्याची बाटली घेऊन उभी होती. वारा बरा होता.

एवढ्यात रांग हलली. मागचे हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर ओरडला, “क्विक, क्विक!” मी आईंना दंडाला धरून आत बसवलं, आर्याला दुसऱ्या बाजूने ढकललं, पुढे येऊन बसलो. दारं धडाधड लागली.

“ऑल इन?” त्याने विचारलं.

“ऑल इन,” मी म्हणालो. मागे वळून न बघता म्हणालो.

गाडी पाचपन्नास फूट गेली आणि पुन्हा थांबली. तेव्हा मी वळून आईंना विचारलं, बरं वाटतंय का. त्यांनी मान हलवली. त्या डाव्या खिडकीला टेकल्या होत्या, आर्या उजव्या खिडकीला चिकटून. मधली जागा मोकळी होती. इतक्या अंग चोरून का बसल्यात, असं मनात आलं. आईंना तर मोकळं बसणं गरजेचं होतं.

मग माझ्या बाजूच्या खिडकीतून मला एक लहान मूल दिसलं. तीन-चार वर्षांचं असेल. पाइपांच्या कडेने एकटंच येत होतं. आमच्या गाडीच्या मागून, भराभर. अंगात काहीतरी निळं होतं. तोंड उघडंमिटं होत होतं, पण हॉर्नच्या गदारोळात काही ऐकू येत नव्हतं. आजूबाजूने चालणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

मला संताप आला. असल्या रहदारीत एवढंसं पोर सोडून देणारे आईबाप असतात तरी कसले? धरून दोन थोबाडीत द्यायला हव्यात. मी आईंना दाखवणार होतो, पण लॉरीने धुराचा लोट सोडला आणि मी काच वर केली. रांग हलली. या वेळी चांगली दूरवर हलली.

सिंगापूरच्या खिडकीशी ड्रायव्हरने गठ्ठा उचलला आणि त्याचा हात थांबला. त्याने रबर काढलं. एक, दोन, तीन. सीटखाली बघितलं. पायाशी बघितलं.

“जस्ट नाऊ फोर,” तो म्हणाला.

“नो, नो. थ्री,” मी म्हणालो.

त्याने वळून मागच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला होता.

“ओन्ली थ्री?” त्यांनी आत वाकून विचारलं.

“येस. ओन्ली थ्री.”

आईंना तीस दिवस मिळाले.

५

क्वीन स्ट्रीटला उतरल्यावर मी खिसा चाचपला. खडा नव्हता. कॉजवेवर आईंना सांभाळताना वाकलो तेव्हा पडला असणार. आईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, असं कसं? नेलेला चौथा परत आणायचा असतो.”

“दगडच तो, आई. दुसरा घेऊ.”

“तिकडेच राहिला म्हणजे,” त्या म्हणाल्या आणि बसच्या दिशेने चालू लागल्या.

साधना दारात उभी होती. शिक्का मिळाल्याचं ऐकून तिला इतका आनंद झाला की तिने आईला मिठीच मारली. आम्ही आत आलो, चपला काढल्या, पंख्याखाली बसलो. ती मात्र दार धरून उभीच.

“काय बघतेस?”

“लिफ्टमधून अजून कोणी यायचंय का?”

“कोण येणार?”

“नाही... मला वाटलं.” तिने दार लावलं. मग पुन्हा उघडलं, बाहेर डोकावली आणि लावलं.

संध्याकाळी तिने दुधाचे दोन पेले भरले. एक आर्या प्यायली. दुसऱ्यावर साय धरली. आम्ही तिघंही मोठी माणसं त्या पेल्याकडे बघत होतो. “या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं माझं,” साधना म्हणाली आणि पेला मी पिऊन टाकला.

६

नऊ दिवसांनी मुलगा झाला. सगळं व्यवस्थित, तीन तासांत. हॉस्पिटलची नर्स तमिळ होती, गप्पिष्ट. कार्ड भरताना म्हणाली, “थर्ड वन ऑलवेज फास्ट, सर.”

“सेकंड,” मी म्हणालो.

तिने कार्ड माझ्यापुढे धरलं. आधीची बाळंतपणं: दोन. खाली डॉक्टरांची सही.

“समवन मेड अ मिस्टेक,” मी म्हणालो. मला अशा चुका माहीत आहेत. यादी करणाऱ्याने एकदा घातलेला आकडा पुढे सगळे डोळे झाकून उतरवतात. नर्सने साधनाकडे बघितलं. साधना छताकडे बघत होती. तिने ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. नर्सचा चेहरा एकदम मऊ झाला. तिला काहीतरी भलतंच वाटलं असावं, जे लोक बोलत नाहीत असं काहीतरी. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गेली. मला भयंकर राग आला.

बाळाचं नाव राजस ठेवलं. घरात आम्ही चौघे झालो. आनंदाचे दिवस होते आणि मी आनंदात होतो, खोटं कशाला बोलू? फक्त एक सवय लागली होती. बाहेर पडताना, लिफ्टमध्ये, मंदिरात, मी माणसं मोजायचो. साधना, आर्या, राजस, मी. चारावर थांबायला जड जायचं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं व्हायचं.

आर्या सोफ्यावर कडेला बसायची. पलंगावर कडेला झोपायची. “नीट मध्ये सरक ना,” मी म्हणायचो. “Can't lah, Baba,” ती म्हणायची. का, ते तिला सांगता यायचं नाही.

७

मार्चमध्ये आईंची परत जायची वेळ आली. जाण्याआधी राजससाठी कातरणांची गोधडी करायची म्हणून त्यांनी शिवणाची पिशवी जमिनीवर उपडी केली आणि तुकडे रंगांप्रमाणे लावायला बसल्या. मी बाळाला मांडीवर घेऊन समोर होतो.

त्यांच्या हातात निळ्या कापडाचे गळ्याचे तुकडे होते. फ्रॉक बेतताना गळा कापला की अर्ध्या चंद्रासारखे तुकडे निघतात, पुढच्या भागाचा एक, मागच्याचा एक.

“एका फ्रॉकचे दोन निघतात,” त्या म्हणाल्या. “हे चार आहेत.”

त्यांनी ते फरशीवर मांडले. दोन मोठे. दोन लहान.

“आर्याच्या फ्रॉकला दीड मीटर लागलं. आणलं होतं साडेतीन. निशिकांतराव, मी कधी कापड उरू देत नाही. मग बाकीचं कुठाय?”

“विसरला असाल. शेजारणीच्या मुलीसाठी वगैरे शिवलं असेल.”

“असेल,” त्या म्हणाल्या. लहान तुकडा त्यांनी तळहातावर घेतला. पस्तीस वर्षं मुलींची मापं घेतलेला हात तो. “चार वर्षांच्या पोराचा गळा आहे हा. डावा खांदा जरा खाली. असा खांदा मी...”

त्या रडायला लागल्या आणि का रडतोय हे त्यांना कळेना. पदराने डोळे पुसायच्या, माझ्याकडे बघायच्या, जणू मला माहीत असेल. मला काय माहीत असणार? साधना आतून आली, तिने ते तुकडे बघितले आणि काही न विचारता उचलून आपल्या कपाटात ठेवले. ते अजून तिथेच आहेत. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर निघताना आई तुळशीला शेवटचं पाणी घालायला वाकल्या. नमस्कार केला. म्हणाल्या, “साधना, हे अकरा खडे असेच राहू दे गं. हलवू नकोस.”

“दहा,” मी म्हणालो. “एक मी हरवला नाही का?”

“हो की,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पण मी तर रोज अकरा मोजते.”

मी खाली बसलो आणि मोजले. एकेक खडा बोट लावून मोजला. मग उलट्या बाजूने मोजले. चिकटलेल्या मातीत प्रत्येकाखाली त्याची स्वतःची खळगी होती, महिनाभर कोणी न हलवलेली. एकही खळगी रिकामी नव्हती.

अकरा.

८

आईंना सोडून आल्यावर मी आर्याला जवळ घेतलं.

“त्या दिवशी निघताना आजीने बाबांना काय घ्यायला सांगितलं, आठवतं?”

“Nothing. आजी said lock the door properly.”

“खडा? तुळशीतला पांढरा खडा?”

“What खडा?”

खरं तर विचारायची इच्छा नव्हती.

“बसमध्ये खिडकीसाठी तू कोणाशी भांडलीस?”

आजी पुढे बसली होती. मी उभा होतो. आर्याने तोंड उघडलं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

“You said take turns,” ती म्हणाली. “You said till Kranji, then...”

“कोणाबरोबर, बेटा?”

“I don't know lah!” तिने कानांवर हात घट्ट दाबले आणि ती किंचाळली. साधना धावत आली. त्यानंतर मी आर्याला कधीही काही विचारलेलं नाही.

पण मला मोजता येतं, तेच तर माझं काम. आम्ही तिघे असतो तर आईंनी खडा घ्यायला लावलाच असता. त्यांनी लावला नाही. म्हणजे आम्ही तिघे नव्हतो. खडा माझ्या डोक्याने नंतर तिथे ठेवला, एक जागा रिकामी राहू नये म्हणून. आईंच्या डोक्यानेही. चौथ्याच्या जागी खडा.

जोहोरला रस्ता ओलांडताना माझे दोन्ही हात गुंतलेले होते. पिशवी आणि छत्री आईंकडे होती. उजव्या हातात आर्या. डाव्या हातात काय होतं?

मी रोज डाव्या हाताकडे बघतो. कधी कधी तळव्याला घाम आलेला असतो, फक्त त्याच.

९

मी पुन्हा गेलो. पोलिसांत जाऊन काय सांगणार होतो? नाव सांगा म्हणतील. मुलगा की मुलगी म्हणतील. फोटो मागतील. आमच्या अल्बममध्ये सगळे फोटो जागच्या जागी आहेत, फक्त काहींमध्ये आम्ही एकमेकांपासून जरा जास्तच लांब उभे आहोत.

टॅक्सी स्टँडवर तो म्हातारा दिसायला तीन शनिवार लागले. त्याने मला लगेच ओळखलं. हातातली सिगारेट टाकली आणि जवळ आला.

“बॉस, फाइंड ऑलरेडी?”

“फाइंड व्हॉट?” मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, तसाच, जसा त्या दिवशी बघितला होता. मग एक पाऊल मागे सरकला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, सांग, तू बघितलंस ना, मुलगा होता का मुलगी, कसं दिसत होतं, तुझ्यासमोर मी काय नावाने हाक मारली? तो मलयमध्ये काहीतरी पुटपुटत हात सोडवून घेत होता. बाकीचे ड्रायव्हर जमा झाले. तेव्हापासून त्या स्टँडवरचा कोणी मला गाडीत घेत नाही.

मग मी बसने जाऊ लागलो. महिन्यातून दोनदा. साधना कुठे जातोस विचारत नाही. डब्यात दोन पोळ्या जास्त देते. गेल्या डिसेंबरात पलीकडची नवीन मोठी इमारत सुरू झाली, जुनी चेकपोस्ट बंद पडली. आता कडेने चालत जाणाऱ्यांना पोलीस हटकतात. तरी मी जिथवर जाऊ देतात तिथवर पाइपांच्या बाजूने चालतो. मुलं बरीच दिसतात. आईबापांचा हात धरलेली, कडेवरची, रडणारी. ते मूल आता आठ वर्षांचं झालं असेल. का तेवढंच असेल, कोण जाणे. निळं काही दिसलं की मी थांबतो, हाक मारायला तोंड उघडतो.

आणि तसाच उभा राहतो. काय हाक मारायची? माणूस हरवलं तर निदान त्याचं नाव तरी आपल्याकडे उरतं. मी पोटच्या पोराचं नाव विसरलो आहे. ते पोर होतं हेही मला कातरणांवरून मोजून काढावं लागलं.

मला हाक मारता येत नाही. त्याने मात्र मारली होती. धावत येताना त्याचं तोंड उघडंमिटं होत होतं, ते मी दर रात्री डोळे मिटले की बघतो. ओठ दोनदा मिटून दोनदा उघडत होते. बा, बा. काच वर करत असताना मी ते नीट बघितलं होतं.